लढाई कापली आणि मुक्ती वाटली

‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ह्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं दुसरं पर्व पुचाट आहे. पुचाट म्हणजे कंटाळवाणं असं मला म्हणायचं नाही. कंटाळवाण्या मालिका ढिगानं पडल्यात, त्यांच्यावर शाई खर्च करायची गरज नाही. ह्या पर्वानं त्याहून वाईट काम केलंय. पहिल्या पर्वात जी पोरं स्वतःच्या डोक्यानं विचार करत होती, एकमेकांशी भांडत होती, भिंत ओलांडायची किंमत मोजत होती, त्याच पोरांच्या हातात दुसऱ्या पर्वानं आयती मुक्ती कोंबली आणि त्यांना गप घरी पाठवून दिलं. म्हणून ह्या पर्वाचा पंचनामा झाला पाहिजे.

काही शहाणे म्हणतील, कार्टूनचा कसला पंचनामा? पोराटोरांची करमणूक ती! अशा शहाण्यांना आधी गोष्ट सांगतो. मग त्यांनीच ठरवावं ही करमणूक आहे की काय आहे ते.

ग्रेस फील्ड नावाचं एक अनाथाश्रम. हिरवं कुरण, पांढरेशुभ्र कपडे, पोटभर जेवण, रोज परीक्षा, आणि सगळ्या पोरांची जीव की प्राण असलेली ‘मामा’ इझाबेला. मामा म्हणजे आई. पोरांच्या मानेवर आकडे गोंदलेले. ते का, हे कुणी विचारत नाही. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत एकेका पोराला दत्तक देतात, गळ्यात पडून निरोप देतात. एका रात्री कॉनी नावाची चिमुरडी दत्तक जाते आणि तिचा कापडी ससा मागं राहतो. तो द्यायला एमा आणि नॉर्मन ही दोघं फाटकापर्यंत धावतात. तिथं गाडीत त्यांना कॉनीचं प्रेत दिसतं. आश्रम नव्हेच तो, कोंडवाडा आहे. पोरं पोसायची ती खाण्यासाठी. रोजची परीक्षा कशासाठी? तर मेंदू जितका तल्लख तितका माल उंची. आणि मामा कोण? तर कोंडवाड्याची राखणदार.

खाणारे जे आहेत त्यांना जपानीत ‘ओनी’ म्हणतात. आपली पोरं सर्रास राक्षस म्हणतात. मी म्हणणार नाही. राक्षस हा शब्द कुणी कुणाला चिकटवला ते जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त उघडं करून ठेवलंय. शिवाय ही गोष्टच पुढं सांगते की ओनींनाही पोरंबाळं आहेत, बाजार आहे, देव आहे आणि भूक आहे. तेव्हा ओनीच बरं.

मूळ गोष्ट काइउ शिराई ह्यानं लिहिली, चित्रं पोसुका देमिझु हिनं काढली. २०१६ च्या ऑगस्टपासून २०२० च्या जूनपर्यंत ती ‘शोनेन जम्प’ ह्या साप्ताहिकात चालली. एकूण १८१ प्रकरणं, २० खंड. क्लोव्हरवर्क्स ह्या स्टुडिओनं तिचं पहिलं पर्व २०१९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आणलं. भाग १२, दिग्दर्शक मामोरु कांबे. दुसरं पर्व २०२१ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलं. भाग ११, स्टुडिओ तोच, दिग्दर्शकही तोच. म्हणजे माणसं बदलली म्हणून घाण झाली, ही पळवाट बंद.

आता पहिल्या पर्वात होतं काय? माणसं होती. एका कोंडवाड्यात कोंडलेली, एकच मरण समोर दिसणारी, आणि तरीही प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.

एमा म्हणते, जायचं तर सगळ्यांनी जायचं. तान्ह्या पोरांसकट. रे म्हणतो, वेडी आहेस का? जे पळू शकतात ते पळतील, उरलेले मरतील, हिशेब आहे हा. रेला तसं म्हणायचा हक्क आहे, कारण त्याला लहानपणापासून सगळं ठाऊक आहे. वर्षानुवर्षं तो मामाचा खबऱ्या म्हणून जगलाय आणि त्या बदल्यात पळायचं सामान गोळा करत आलाय. आणि नॉर्मन? त्याला रेचा हिशेब पटतो आणि एमाचा हट्टही मोडवत नाही. स्वतःची पाळी येते तेव्हा तो भिंतीवर चढतो, पलीकडचा कडा बघतो, आणि पळून न जाता परत येतो. इतरांना माहिती देतो आणि मरणाच्या गाडीत बसायला निघतो.

सिस्टर क्रोन घ्या. तिच्याही मानेवर आकडा आहे. तीही ह्याच कोंडवाड्यांतून वर आलेली. तिला मामाची खुर्ची पाहिजे, म्हणून ती पोरांशी सौदा करते. हरते, मारली जाते, आणि जाता जाता पोरांच्या उपयोगाची वस्तू मागं ठेवून जाते. आणि खुद्द मामा? लहानपणी तीही त्याच भिंतीवर चढली होती. तिलाही तोच कडा दिसला. ती खाली उतरली आणि तिनं ठरवलं की ह्या व्यवस्थेत जगायचं तर व्यवस्थेचा हात व्हायचं. रे हा तिच्या पोटचा मुलगा. तिनं स्वतःचं पोरही त्याच वजनकाट्यावर चढवलंय. ती एमाचा पाय मोडते आणि लगेच तिला पोटाशी धरते. हे दोन्ही खरं आहे, पाय मोडणंही आणि पोटाशी धरणंही. अशी बाई रंगवायला धमक लागते.

पुस्तकात पोरांच्या मनातले विचार पानोपानी लिहिलेले आहेत. पहिल्या पर्वानं ते सगळे काढून टाकले. मनातला आवाज नाही, समजावणी नाही. नुसते चेहरे, लांबलचक बोळ, घड्याळाचा ठोका, दाराआडून बघणारा डोळा. बदल करणं म्हणजे पाप नव्हे, हे पहिल्या पर्वानंच दाखवून दिलं होतं. पुस्तकातलं गाळून ते पुस्तकाइतकंच भारी झालं. म्हणून ‘पुस्तकाप्रमाणं केलं नाही’ अशी किरकोळ तक्रार घेऊन मी आलेलो नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटी पंधरा पोरं दोरावर लोंबकळत कडा पार करतात. त्याआधी एमानं स्वतःचा कान कापलेला असतो, कारण माग काढायचं यंत्र कानात बसवलेलं. पण सगळी पोरं येत नाहीत. पाच वर्षांखालची मागं राहतात. त्यांच्यात फिल नावाचा चार वर्षांचा पोरगा आहे. त्याला सगळं कळलेलं आहे. आपण कशासाठी वाढवले जातोय हे ठाऊक असून तो म्हणतो, मी थांबतो. एमा त्याला शब्द देऊन निघते. म्हणजे ‘सगळे’ म्हणणाऱ्या एमालाही वाकावं लागलं. तिच्या तत्त्वाला पहिली जखम तिथं झाली. मित्रांनो, असा शेवट बघून माणूस पुढच्या पर्वाची दोन वर्षं वाट बघतो. आम्हीही बघितली. २०२० चा ऑक्टोबर ठरला होता, कोविडनं तोही हुकला. तरी थांबलो.

आणि हातात काय पडलं?

साधं गणित मांडा. पहिल्या पर्वानं १२ भागांत ३७ प्रकरणं सांगितली. भागाला तीन. उरली १४४. ती दुसऱ्या पर्वानं ११ भागांत गुंडाळली. भागाला तेरा! कुणीही शेंबडं पोर सांगेल की हे मावणार नाही. मग काय करायचं? कापायचं. कापायलाही हरकत नव्हती. सवाल असा आहे की काय कापलं.

तर लढाई कापली.

पुस्तकात पोरं जंगलातून वाट काढत एका भुयारी आसऱ्याला पोचतात. तिथं एक माणूस असतो, युगो. तोही असाच कोंडवाड्यातून पळालेला. त्याचे सोबती मेले आणि तो तेरा वर्षं एकटा त्या भुयारात कुजत पडलाय. पळून गेल्यावर माणसाचं काय होतं त्याचा तो जिवंत पुरावा. तो पोरांना हाकलू बघतो, मारू बघतो, कारण त्यांच्यात त्याला मेलेले सोबती दिसतात. मुक्ती मिळाली तरी आत काय काय मोडलेलं राहतं, हे सांगायला ह्या गोष्टीत युगोसारखं दुसरं पात्र नाही. दुसऱ्या पर्वानं त्याला अख्खाच्या अख्खा उडवला. भुयार आहे, युगो नाही. च्यायला, बिऱ्हाड ठेवलं आणि माणूस बाहेर काढला!

मग गोल्डी पॉन्ड. ओनींच्या सरदारांची ती खाजगी शिकारगाह. तिथं माणसांची पोरं मोकळी सोडतात. संगीत वाजलं की शिकार सुरू, आणि सरदार हौसेनं पोरं मारत हिंडतात. भूक लागली म्हणून नव्हे, गंमत म्हणून. एमा तिथं सापडते. तिथल्या पोरांनी आधीच गुपचूप तयारी चालवलेली असते. शस्त्रं, डावपेच, कोण कुठं उभं राहणार, सगळं. एमा त्यांच्यात सामील होते, लढते, मारते, आणि स्वतः मरता मरता वाचते. दुसऱ्या पर्वात ह्यातलं एक अक्षर नाही.

हे का महत्त्वाचं, ते नीट समजून घ्या. कारण इथूनच पुढचा मोठा सवाल निघतो.

नॉर्मन मेलेला नसतो. लॅम्ब्डा नावाच्या जागी त्याच्यावर प्रयोग करतात, तिथून तो सुटतो आणि त्याच्यासारख्या छळलेल्या पोरांची टोळी उभी करतो. तो म्हणतो, ओनी माणसं खाल्ल्याशिवाय माणूसपणात, म्हणजे त्यांच्या ओनीपणात, टिकत नाहीत. खाल्लं नाही तर त्यांची बुद्धी जाते, आकार जातो, जनावर होतात. म्हणजे ते आहेत तोवर आपण खाद्यच. तेव्हा एकेकाला संपवायचं, पोराबाळांसकट. एमा म्हणते, नाही. मला ते मारायचे नाहीत.

आता ह्यात खरं कोण? दोघंही. नॉर्मनचा राग सोळा आणे खरा आहे. ज्यानं प्रयोगशाळेत सोबत्यांना मरताना बघितलं, त्याला कुणी क्षमेची प्रवचनं देऊ नयेत. आणि एमाचा नकारही खरा आहे, पण एका अटीवर. तो नकार रक्त बघून आलेला पाहिजे. पुस्तकातली एमा गोल्डी पॉन्डमधून आलेली आहे. तिनं सरदारांना मारलंय. त्यांची क्रूर हौस अंगावर झेललीय. ती जेव्हा म्हणते की सगळे ओनी मारायचे नाहीत, तेव्हा ऐकावं लागतं. दुसऱ्या पर्वातली एमा कशातून येते? थोडी पळापळ, थोडी उपासमार. मग तिचा नकार कसा वाटतो? भाबडा. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखा. वाक्य तेच, पण त्यामागची लढाई कापली की त्या वाक्याची किंमत शून्य झाली.

आणि नॉर्मन? त्याची तर पुरी वाट लावली. एवढा मोठा राग घेऊन आलेला पोरगा, पाचव्या भागात परत येतो. एका गावावर विष सोडतो, तिथं एक म्हातारा आणि एक लहानगी ओनी बघतो, आणि ढसाढसा रडून मोकळा. खलास! पुस्तकात तो राजधानीवर चालून जातो, राणी आणि तिचे सरदार ह्यांच्या विरुद्ध उठाव करवतो, आणि त्याचे परिणाम त्याच्या डोळ्यांसमोर येतात. दुसऱ्या पर्वात ती चढाईच नाही. ह्यालाच हृदयपरिवर्तन म्हणतात. ह्या मालाची आम्हाला चांगली ओळख आहे. लढायची वेळ आली की कुणीतरी तो बाजारात आणतोच.

राजधानी कापल्यानं आणखी एक गोष्ट मेली, आणि ती सगळ्यात मोठी. मुजिका नावाची एक ओनी आहे. तिचं रक्त प्यालं की ओनीला माणूस खायची गरजच उरत नाही. म्हणजे भुकेवर औषध आहे. मग ते सगळ्यांना का मिळालं नाही? पुस्तक त्याचं उत्तर देतं: राजघराण्यानं आणि सरदारांनी तसल्या रक्ताच्या ओनींना धरून मारलं आणि खाल्लं. स्वतःची सोय झाली, प्रजा भुकेली ठेवली. मांसाचा वाटा सरदारांच्या हातात, म्हणून प्रजेची मानही त्यांच्या हातात. स्वतः मात्र गरज नसताना चवीसाठी खात राहिले. बघा, किती स्वच्छ सांगितलंय! भूक निसर्गानं दिलेली नाही, भूक राखलेली आहे. कोंडवाडा पोटासाठी चाललेला नाही, सत्तेसाठी चाललेला आहे. दुसऱ्या पर्वात मुजिकाचं रक्त आहे, पण ज्यांच्याविरुद्ध ते उभं राहायचं ते सत्ताधारीच पुरते उभे केले नाहीत. मग ते रक्त काय उरलं? जडीबुटी. घ्या दोन थेंब आणि व्हा बरे.

इझाबेलाचंही तेच. शेवटाकडे ती आणि बाकीच्या मामा धन्यावर उलटतात. उलटाव्यातच. पहिल्या पर्वात तिच्या आत जे दाबलेलं दिसलं होतं, त्याचा स्फोट कधीतरी व्हायलाच हवा होता. पण ती तिथवर आली कशी? कुठल्या रात्री तिनं ठरवलं? बाकीच्या बायांना तिनं कसं वळवलं? त्या का वळल्या? ह्याचं काहीच दाखवलेलं नाही. प्रसंग आला, बंदुका फिरल्या. ज्या पोरांना हिनं वाढवून गाडीत बसवलं, त्यांचं काय, हा सवाल तिला धड कुणी विचारत नाही. पुस्तकात ती एमाला वाचवताना जीव देते. मालिकेत तेवढीही किंमत ती मोजत नाही.

आणि मग तो शेवटचा भाग. पोरं माणसांच्या जगात जायला निघतात. एमा, नॉर्मन, रे म्हणतात, आम्ही मागं थांबतो, उरलेले कोंडवाडे मोडायचेत, ओनींचं जग बदलायचंय. मला वाटलं, चला, आता कुठं गोष्ट सुरू झाली. आणि सुरू झालं काय? स्थिर चित्रांची माळ! लग्नाचा अल्बम उलटावा तसं एकामागून एक चित्र, मागं संगीत. कोंडवाडे मोडले, नवा करार झाला, सत्ता बदलली, सगळे भेटले, हसले. हजार वर्षांचा करार मोडायला ह्यांना काही मिनिटं पुरली. पुस्तकात नव्या कराराची किंमत म्हणून एमाची सारी आठवण जाते, आपलीच माणसं तिला परकी होतात. त्या शेवटावरही भांडता येईल, पण तिथं काहीतरी गमावलं तरी जातं. इथं कुणाचं काही गेलं नाही.

अजून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दुसऱ्या पर्वाआधी गाजावाजा झाला की मूळ लेखक शिराई स्वतः रचनेत आहेत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव यायचंही. शेवटाकडच्या भागांत ते नाव नाही. का नाही, ह्याचा तर्क मी लढवत नाही. पण आपल्या कामावर ज्याचं नाव नाही असं काम लोकांपुढं ठेवलं गेलं, एवढं तर उघड्या डोळ्यांनी दिसतं.

सगळंच टाकाऊ आहे असंही नाही. सुरुवातीला एमा मुजिकाच्या सोबत्याकडून शिकार शिकते. पक्षी मारते, त्याच्या छातीत फूल खुपसते, ओनींच्या रीतीप्रमाणं. खाद्य म्हणून वाढवलेली पोर पहिल्यांदा स्वतः मारून खाणार आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर ते सगळं उमटतं. अख्ख्या पर्वाला पुरेल एवढा ऐवज त्या एका प्रसंगात होता. ओनींच्या बाजाराची दृश्यंही चांगली आहेत. म्हणूनच राग जास्त येतो. ह्यांना येत नव्हतं असं नाही. ह्यांना उरकायचं होतं. पुस्तक जून २०२० ला संपलं, माल शिळा व्हायच्या आत गाठोडं बांधायचं होतं, असंच दिसतं.

आता शेवटचा मुद्दा. काहीजण खांदे उडवून म्हणतात, एवढं काय तापायचं, पुस्तक वाचा ना! वा रे शहाण्यांनो. वीस खंड विकत घ्यायचे पैसे कुणाकडे आहेत? वस्तीतली पोरं एका मोबाइलवर चौघं डोकी जुळवून बघतात, पडद्याखालचं इंग्रजी एकजण वाचून बाकीच्यांना सांगतो. त्यांच्यासाठी मालिका हीच गोष्ट. त्यांना युगो कधी भेटणारच नाही. त्यांना वाटणार की भिंत ओलांडली की पुढचं सगळं आपोआप होतं. लढाई नको, संघटना नको, नुसतं मन चांगलं पाहिजे. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांचा नुसता हिरमोड झाला. ज्यांच्याकडे नाही त्यांना गंडवलं गेलं, आणि गंडवलं गेल्याचं त्यांना कळलंही नाही.

म्हणून सांगतो, पहिलं पर्व जरूर बघा. दोनदा बघा. पोरं कडा पार करतात तिथं थांबा. दुसऱ्या पर्वाच्या नादाला लागू नका. वर्गणी काढा, प्रत्येकी थोडे थोडे, आणि पाचव्या खंडापासून पुढची पुस्तकं विकत घ्या. एकच संच घ्या आणि वस्तीभर फिरवा. ज्याला इंग्रजी येतं त्यानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. युगोचं प्रकरण आलं की घाई करू नका.